टकटक थांबली, पैसे मात्र हाफ इंजिनचे गेले

गाडी जुनी, आवाज नवा आणि गिऱ्हाईक घाबरलेलं, एवढं जुळून आलं की काही गॅरेजवाल्यांचं महिन्याचं भाडं सुटतं. ऐरोली-रबाळे पट्ट्यातल्या ज्या गॅरेजने माझ्याकडून ४३,६०० रुपये घेतले त्याचं नाव देत नाही, कारण प्रकरण तक्रारीत आहे. पद्धत मात्र सविस्तर सांगते. शेजारच्या विंगमधल्या निवृत्त काकांनाही तिथे हेच सांगितलं होतं, त्यामुळे 'बाई बघून गंडवलं' एवढ्यावर हे सोडून देता येत नाही.

गाडी २०१२ची वॅगन-आर, सीएनजी. ठाणे-बेलापूर रस्त्यावर सिग्नलला थांबलं की थरथरायची, स्टिअरिंगपर्यंत जाणवायचं. एसी लावला की जास्तच. हे आधी फक्त सीएनजीवर व्हायचं, मग पेट्रोलवरही व्हायला लागलं. त्याच सुमाराला सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टकटक ऐकू यायची. दोन्ही तक्रारी एका वेळी आल्या की दोघींचं मूळ एकच असणार असं कुणालाही वाटतं. सगळा धंदा याच समजुतीवर चालला.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, दोन-तीनदा जोरात रेस दिली आणि मान हलवली. "ताई, क्रँकचा आवाज आहे. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं. सीएनजीने इंजिन खाल्लं तुमचं." मग डिपस्टिक काढून ऑइल चुंबकावर टेकवलं आणि चिकटलेला काळा चुरा माझ्यासमोर धरला. "हे बेअरिंग बघा, निघालंय. उद्या पामबीचला मधेच इंजिन जाम झालं तर लाखाच्या खाली सुटका नाही. आत्ता हाफ इंजिनमध्ये भागेल." हाफ इंजिन म्हणजे इंजिन खोलून आतले झिजलेले पार्ट बदलायचं मोठं काम.

ना बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, ना ऑइल प्रेशर बघितलं, ना एक प्लग काढला. १५,००० ॲडव्हान्स यूपीआयने घेतले. दुसऱ्या दिवशी फोन: "हेड उतरवलंय, टायमिंग बेल्टही गेलाय, तो पण टाकतो." म्हणजे वाढीव खर्चाची बातमी कधी, तर इंजिन सुटं झालंय असं सांगून झाल्यावर. तेव्हा 'नको' म्हणणार कोण? सुट्या इंजिनाची गाडी टो करून कुठे न्यायची?

गाडी हातात दिली तेव्हा आवाज खरोखर गेला होता. थंड इंजिन चालू करून दाखवलं, अगदी शांत. एका पिशवीत जुने पार्ट, काळी पडलेली बेअरिंगची पाती आणि चिरा गेलेला दातेरी पट्टा. बिल म्हणून वहीतलं फाडलेलं पान, त्यावर जीएसटी नंबर नाही.

कळव्याच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये गाडी चांगली तापली आणि थरथर परत आली, पूर्वीइतकीच. फोन केला तर उत्तर तयार होतं: "नवीन बेअरिंग आहे ताई, सेट व्हायला हजार किलोमीटर लागतात." बेअरिंग सेट होईपर्यंत गाडी सिग्नलला का नाचते, हे मात्र त्याला सांगता आलं नाही.

मग ओळखीतून वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेले. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधीच विचारलं, "थरथर थंड असताना की तापल्यावर? आणि टकटक?" मी सांगितलं, टकटक थंड असताना, थरथर तापल्यावर. "मग हे एकच दुखणं कसं असेल?" एवढं बोलून त्यांनी गाडी तापू दिली आणि स्कॅनर लावला. कोड आला पी०३०२. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग, तिथलं इंधन नीट पेटत नाही. या इंजिनाला तीन सिलिंडर आणि प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वेगळी कॉइल. काकांनी दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावली, कोड पुसला, परत गाडी चालवली. आता आला पी०३०३, म्हणजे तिसऱ्यात मिसिंग. बिघाड कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. तापली की सोडून देते, थंड असली की काम करते. गॅरेजवाल्याने थंड गाडीच का चालू करून दाखवली, ते तेव्हा कळलं. पेट्रोलपेक्षा सीएनजी पेटायला ठिणगी जास्त ताकदीची लागते, म्हणून अशी अर्धमेली कॉइल आधी सीएनजीवर उघडी पडते. सीएनजीने इंजिन वगैरे काही खाल्लं नव्हतं.

आणि टकटक? काकांनी एक्झॉस्टच्या जोडाकडे टॉर्च मारला. बाकी सगळ्यावर धूळ आणि तेलाचा थर, तेवढ्या नटांवर मात्र पान्याच्या ताज्या खुणा आणि नवी गॅस्केट. तिथून आधी इंजिनाचा धूर गळत होता. धातू थंड असताना फट मोठी असते म्हणून टकटक ऐकू येते, तापून फुगला की फट मिटते आणि आवाज कमी होतो. रॉडच्या बेअरिंगचं बहुतेक वेळा याच्या उलट. ऑइल तापून पातळ झालं आणि इंजिनावर लोड आला की तो ठोका वाढतो. टकटक नसते, खालून येणारा जड ठोका असतो. त्या सिलिंडरची ठिणगी तोडली तर तो ठोका स्पष्ट बदलतो. प्रेशर गेज लावला तर आणखी खात्री होते. यातल्या कशालाही इंजिन उघडावं लागत नाही.

म्हणजे गॅरेजवाल्याला खरं दुखणं कळलं होतं! गॅस्केट बदलून त्याने आवाज घालवला आणि त्या शांततेवर हाफ इंजिनचं बिल लावलं. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. नुसता अडाणी असता तर आवाज तसाच राहिला असता आणि मी तिथेच भांडले असते.

पुरावे बाकी होते. टॅपेट कव्हर म्हणजे हेडवरचं झाकण, त्याच्या कडेला जुनं तेल जसंच्या तसं जमलेलं, बोल्टना कुणी हात लावलेला नाही, म्हणजे हेड उतरवलंच नव्हतं. रॉडच्या बेअरिंगपर्यंत जायचं तर खालचा ऑइलचा चेंबर उतरवावाच लागतो, आणि चेंबरचा सीलंट जुनाच, न फुटलेला. तो दातेरी पट्टा बघून काका हसायलाच लागले, कारण या इंजिनात टायमिंग बेल्ट नसतोच, चेन असते. कुणाच्या गाडीचा होता देव जाणे. चुंबकाचा खेळही तसाच. बेअरिंगचा झिजणारा थर ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याच्या मिश्रधातूचा असतो, तो चुंबकाला चिकटत नाही. लोखंडाचा चुरा तर गॅरेजच्या जमिनीवर हवा तेवढा मिळतो.

कॉइल आणि एक चिरलेला व्हॅक्यूम पाइप धरून काकांचं बिल चार हजारांच्या आत आलं, पक्कं, जीएसटीसकट.

आता तुमची गाडी अशी थरथरत असेल तर गॅरेजमध्ये जायच्या आधी एवढं स्वतः बघा: थंड असताना की तापल्यावर, सीएनजीवर की पेट्रोलवर की दोन्हीवर, एसी लावल्यावर काय होतं, गिअर टाकल्यावर काय होतं. फोनवर आवाज रेकॉर्ड करा, एकदा सकाळी आणि एकदा लांबून आल्यावर. फक्त सीएनजीवर त्रास असेल तर सीएनजी किट आणि प्लग आधी. इंजिन एकसारखं चालतंय पण केबिन थडथडतेय, तर इंजिन ज्यावर बसतं ती रबराची माउंटिंग बघायला सांगा. त्यासाठी इंजिन खोलणाऱ्याकडून सरळ चावी परत घ्या. स्कॅनरच्या कोडचा फोटो मागा. मिसिंग असलेली गाडी तशीच महिनोन्महिने चालवू नका, न जळलेलं इंधन धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो. आणि खोलायचंच ठरलं तर लेखी एस्टिमेट घ्या, हेड किंवा चेंबर उतरवल्यावर तुमच्या नंबर प्लेटसकट व्हिडिओ मागा. खरं काम करणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

फसला असाल तर कच्चं बिल आहे म्हणून गप्प बसू नका. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपचे मेसेज, दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अहवाल, हे सगळं कामाला येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि वकील हवाच असंही नाही.

मी नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली आहे, सोबत चेंबरचे आणि पट्ट्याचे फोटो. त्यावर निरोप आला की पुढच्या दोन सर्व्हिस फुकट करून देतो, विषय मिटवा. मी पूर्ण रक्कम मागितली आहे, चेकने.