युद्धकैदी की नुसताच डिटेनी (ताब्यात ठेवलेला माणूस)?

काल देवळालीत तोफखान्यातल्या एका रिटायर्ड काकांकडे चहाला गेलो होतो, तिथं पकडलेल्या सैनिकांचा विषय निघाला. १९७१ला आपल्याकडे ९३,०००च्या आसपास पाकिस्तानी कैदी होते आणि १९४९चा तिसरा जिनिव्हा करार त्यांना लागू होता. म्हणजे चौकशीत नाव, हुद्दा, जन्मतारीख, नंबर सांगायचा, बास, पुढं तोंड उघडलं नाही तरी हात लावायचा नाही, आणि महिन्याला किमान दोन पत्रं, चार कार्डं घरी पाठवता येतात. आपला माणूस जिवंत आहे हे त्या एका कार्डावरून आईला कळतं, केवढी मोठी गोष्ट आहे ही!

आता ग्वांतानामो बघा, क्युबातला अमेरिकेचा लष्करी तुरुंग. जानेवारी २००२पासून दहशतवादाविरुद्धच्या युद्धात पकडून तिथं नेलेल्यांना अमेरिकेनं युद्धकैदी मानलंच नाही. कोठडीविरुद्ध कोर्टात जायचा हक्क पक्का व्हायला २००८ उजाडलं.

खटल्याशिवाय तर युद्धकैद्यालाही ठेवतात, हे मान्य. पण लढाई संपली की त्याला सोडावंच लागतं, १९७१चे कैदी १९७४पर्यंत घरी गेले. हे दहशतवादाविरुद्धचं युद्ध मात्र संपलं असं कोण आणि कधी सांगणार? मला तर युद्धकैद्याचाच दर्जा हवा, समोरचा कितीही कट्टर शत्रू असो. काकांचंही तेच म्हणणं पडलं.