साडेसहा वर्षं, दोन डायलिसिस सेंटर आणि माझं वे-बिल

मी एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो. ड्युटी संपली की वे-बिल आणि बॅगेतली रोकड जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर पडायची पाळी आली, तेव्हा पहिल्याच महिन्यात दोनशे पानी वही आणली. दर महिन्याच्या रक्ताच्या रिपोर्टचे आकडे त्यात उतरवतो. साडेसहा वर्षं झाली, एक महिना चुकलेला नाही.

पहिली चार वर्षं पुण्यात मुलाकडे राहून एका सेंटरला जात होतो. गेली अडीच वर्षं सातारा जिल्ह्यात, गावाकडच्या सेंटरला जातो. नावं दोन्हींची देत नाही. सेंटर कसं आहे असं कुणी विचारलं की लोक एसी, टीव्ही आणि खुर्च्या सांगतात. पुण्याचं सेंटर त्यात पैकीच्या पैकी होतं, प्रत्येकाला वेगळा टीव्ही. गावाकडे एकच टीव्ही आहे आणि त्याचा रिमोट हरवलाय, त्यामुळे चार तास कीर्तन लागलं तर कीर्तन. पण मी सेंटर जोखतो ते रक्त कसं काढतात आणि रिपोर्ट कोण वाचतं यावर.

रक्त काढण्याचंच आधी सांगतो, कारण त्यात मी चार वर्षं फसलो. डायलिसिसने किती काम केलं हे बघायला सुरुवातीचा युरिया, म्हणजे रक्तात साचलेला कचरा, आणि सुटतानाचा युरिया मोजतात. कमी झालेला युरिया सुरुवातीच्या किती टक्के, तो यूआरआर. आठवड्यातून तीनदा घेणाऱ्याला तो निदान 65 हवा. पुण्यात माझा कायम 75 च्या पुढे. वहीतलं एक पान बघा: आधी 128, नंतर 28, म्हणजे 78 टक्के. आणि इकडे मला तोंडाला चव नाही, भाकरी पुढ्यात आली की मळमळ. तक्रार केली की रिपोर्ट दाखवायचे, "काका, तुमचं तर फर्स्ट क्लास चाललंय."

गावाकडे पहिल्याच महिन्यात आधी 136, नंतर 53 आले. 61 टक्के! मला वाटलं यांची मशीनं भंगारातली. तसं तोंडावर बोललोही. तिथला टेक्निशियन पोरगा पंचविशीचा असेल. चिडला नाही. म्हणाला, "काका, पुण्यात शेवटचं रक्त कुठल्या नळीतून घ्यायचे?" मी डोळे मिटून आठवलं. निळ्या. निळी नळी म्हणजे फिल्टरमधून धुऊन अंगात परत जाणारं रक्त. धुतलेलं कापड तपासून कपडे स्वच्छ आहेत म्हणण्यातला प्रकार.

हा पोरगा काय करतो ते मी आता दर महिन्याला बघतो. वेळ संपली की रक्ताचा पंप मिनिटाला 100 मिलीवर आणतो, घड्याळाकडे बघत 15 सेकंद थांबतो, मग लाल नळीच्या, म्हणजे अंगातून मशीनकडे रक्त नेणाऱ्या नळीच्या, तोंडाला सुई लावतो. पंप हळू केल्याने नुकतंच धुतलेलं रक्त नमुन्यात मिसळत नाही. एवढंच. पंधरा सेकंदांचं काम, त्यासाठी ना टीव्ही लागतो ना एसी.

61 का आले याचाही शोध लागला. माझा फिश्चुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी ऑपरेशन करून तयार केलेली हाताची शीर, एका जागी आक्रसला होता आणि धुतलेलं रक्त अंगात फिरून यायच्या ऐवजी तिथल्या तिथे परत मशीनमध्ये शिरत होतं. गाडी डेपोतून सुटावी आणि गावाबाहेर न जाता स्टँडलाच गिरक्या घालत राहावी, किलोमीटर मात्र भरत जावेत, तसं. फुगा घालून शीर मोकळी केली. पुढच्या महिन्यात 132 आणि 41, म्हणजे 69 टक्के. त्या आठवड्यात मी सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या, हे वहीत लिहिलंय.

आता क्रिएटिनिन, म्हणजे चांगली किडनी बाहेर टाकते तो रक्तातला आणखी एक कचरा. पुण्यातल्या शेवटच्या सहा महिन्यांत माझं क्रिएटिनिन 11.2 वरून 7.4 वर आलं. घरात आनंदीआनंद. किडनी सुधारतेय म्हणून आमच्या हिने पेढे आणले. सेंटरवर कुणी काही बोललं नाही, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि त्याखाली दोन जोडलेले हात.

गावाकडच्या नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीच्या डॉक्टर, मॅडमनी मात्र वही मागितली आणि पानं उलटी चाळत गेल्या. म्हणाल्या, "हे वाईट आहे." माझा दंड चाचपला, टेपने मोजला. क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. किडनी बंदच असलेल्या माणसाचं ते आपोआप उतरायला लागलं, तर बहुतेक वेळा मांस झडत असतं. माझं वजन तेवढंच होतं, कारण मांसाची जागा पाण्याने घेतली होती आणि ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावर जे वजन उरायला हवं ते, कुणी बदललंच नव्हतं. मग बीपी चढेल नाही तर काय! मॅडमनी ड्राय वेट तीन आठवड्यांत साडेचार किलोने उतरवलं. त्या दिवसांत पायात असे गोळे यायचे की विचारू नका, पण बीपीची एक गोळी बंद झाली.

त्यांनीच सांगितलं की 1990 साली अमेरिकेत लाऊरी आणि ल्यू यांनी डायलिसिसवरच्या 12,000 हून अधिक लोकांचे साधे, नेहमीचे रिपोर्ट तपासले. कोण जगणार, कोण जाणार याचा सगळ्यात मोठा इशारा अल्ब्युमिनने दिला, म्हणजे रक्तातल्या प्रोटीनने. ते जितकं कमी तितका धोका जास्त. क्रिएटिनिन कमी असणारेही जास्त दगावले. बाहेरच्या जगात जे कमी असावं म्हणतात, ते आमच्या जगात कमी झालं की घाबरायचं. कोलेस्टेरॉलचीही तीच तऱ्हा. सासुरवाडीकडची माणसं अजून माझं कोलेस्टेरॉल कमी आहे म्हणून कौतुक करतात. करू देत.

अल्ब्युमिनवरून मी एकदा भांडणही केलं. जुन्या लॅबमध्ये 3.9, इथे त्याच आठवड्यात 3.4. मी दोन्ही कागद घेऊन काउंटरवर उभा. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं की मोजायला दोन रंग वापरतात, एक हिरवा, एक जांभळा. हिरवा रंग इतर प्रोटीनलाही चिकटतो, म्हणून आकडा थोडा चढा दाखवतो. तेव्हा लॅब बदलली की वहीत रेघ मारायची आणि नवा हिशेब सुरू करायचा. मी लाल पेनने मारली.

आणि अल्ब्युमिन पडलं म्हणून नुसती अंडी खाऊन ते वर येत नाही. गेल्या पावसाळ्यात माझं 3.0 झालं, रोज तीन अंड्यांचं पांढरं खात असताना. मॅडमनी सीआरपी, म्हणजे अंगात कुठे सूज किंवा जंतुसंसर्ग आहे का ते दाखवणारी रक्ताची तपासणी, करायला लावलं, ते भरमसाट चढलेलं. दाढेच्या मुळाशी पू होता! शरीरात कुठेतरी आग धुमसत असली की लिव्हर अल्ब्युमिन बनवायचं काम मागे टाकतं. दाढ काढली, दोन महिन्यांत 3.6.

हिमोग्लोबिनचा मला हट्ट होता, 14 करून द्या म्हणून. मॅडम 11 च्या आसपास थांबतात. हृदयविकार असलेल्या डायलिसिसच्या 1,233 लोकांवर इंजेक्शनं देऊन रक्त पार निरोगी माणसाइतकं वाढवून बघितलं होतं, तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला, फायदा दिसेना आणि धोक्याची चिन्हं दिसली. 1998 साली ते छापून आलं. माझा हट्ट तिथे संपला. जेवणातला फॉस्फरस रक्तात जाऊ नये म्हणून असलेली गोळी मी रात्री झोपताना घ्यायचो, ती जेवणाच्या घासाबरोबरच घ्यायची असते हेही इथेच कळलं. चार वर्षांच्या गोळ्या पाण्यात.

इथे रक्त बुधवारी काढतात. पुण्यात सोमवारी काढायचे, म्हणजे शनिवार-रविवारच्या खाड्याचं, दोन दिवसांचं साचलेलं, पोटॅशियम नेहमी जास्त दिसायचं. तो दोन दिवसांचा खंड खरंच वाईट असतो. 2011 साली अमेरिकेतल्या 32,000 जणांच्या अभ्यासात त्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू जास्त दिसले होते. म्हणून शनिवारी रात्रीपासून मी पाणी वाटीने मोजून पितो आणि नारळपाण्याच्या गाडीकडे बघत नाही.

तक्रारी आहेतच. रिपोर्ट यायला कधीकधी चार दिवस लागतात. त्यावर निरोगी माणसाच्या मर्यादा छापलेल्या असतात, त्यामुळे आमच्यासारख्यांचा अर्धा कागद लाल. नवीन पेशंट तो बघूनच गार पडतो, शेजारच्या खाटेवरच्या आजींना मला दोनदा समजवावं लागलं. डायलिसिसवाल्यांच्या मर्यादा वेगळ्या छापायला काय जातं? मी अर्ज दिलाय, सात महिने झाले. लिफ्ट महिन्यातून एकदा बंद असते आणि तीन लिटर पाणी काढल्यावर दोन जिने उतरणं म्हणजे काय ते उतरणाऱ्यालाच ठाऊक.

पाचपैकी चार तारे. पहाटे सहाची शिफ्ट मागा, तेव्हा तो पोरगा असतो. आणि चार नंबरची खाट देत असतील तर नको म्हणा, वरून एसीचं पाणी टपकतं.