अकारविल्हे शिकवायचे: वहीत की शब्दपट्ट्यांवर?

तिसरी-चौथीच्या मुलांना शब्द अकारविल्हे, म्हणजे मुळाक्षरांच्या क्रमाने, लावायला शिकवण्याच्या दोन वाटा आहेत. एक, फळ्यावर आठ-दहा शब्द देऊन ते वहीत क्रमाने लिहून घ्यायचे. दुसरी, शब्द पट्ट्यांवर लिहून त्या सतरंजीवर मांडायला लावायच्या. मुळाक्षरे आणि बाराखडी पाठ आहेत असे धरतो. ती कच्ची असतील तर दोन्ही वाटा बंद.

वहीच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. तयारी काहीच लागत नाही, अख्खा वर्ग एकदम कामाला लागतो, घरच्यांना झालेला अभ्यास दिसतो आणि परीक्षेत प्रश्नही बहुधा याच रूपात येतो. पट्ट्या मात्र कापाव्या लागतात, पंख्याखाली उडतात, हरवतात. शिवाय चौघांच्या गटात एखादे चुणचुणीत मूल सगळ्या पट्ट्या लावून मोकळे होते आणि बाकीचे बघत बसतात.

तरीही माझा कल पट्ट्यांकडे आहे, आणि त्याचे कारण खोडरबर. मका, घर, वड, टोपी, सरडा, बदक हे सहा शब्द घ्या. मूल वहीत घर, टोपी, मका, वड असे लिहीत जाते आणि तेवढ्यात त्याला बदक दिसते. ते टोपी आणि मका यांच्या मधले. आता मका-वड खोडा, बदक लिहा, मका-वड पुन्हा लिहा. शब्दांपुढे नुसते आकडे घातले तरी तेच: एक चुकला की पुढचे सगळे बदलायचे. दोन-तीनदा असे झाले, कागद फाटला, की मूल सुटलेला शब्द शेवटी टाकते किंवा बाण काढून मोकळे होते. तपासणाऱ्याला वाटते याला क्रम येत नाही. क्रम येत असतो, खोडायचा कंटाळा आलेला असतो. पट्टीच्या बाबतीत मका-वड बोटाने खाली सरकवले की बदकाला जागा होते.

यात आणखी एक गोम आहे. वहीत मूल प्रत्येक वेळी ‘आता पुढचा कोणता?’ असे शोधत सगळी यादी पहिल्यापासून वाचते. शब्दकोश उघडल्यावर विचारायचा प्रश्न निराळा असतो: माझा शब्द या पानाच्या आधी की नंतर, कोणत्या दोघांच्या मध्ये? पट्टी हातात घेऊन तिची जागा शोधताना नेमका हाच सराव होतो. म्हणून सगळ्या पट्ट्या एकदम पसरू नका. गड्डी पालथी ठेवा, तिघांचा गट करा, पाळीपाळीने एकेक उचलायची आणि आधीच्या रांगेत बसवायची. एकटे मूल सगळे उरकून टाकते ही अडचणही त्याने बरीच कमी होते.

ए-फोर आकाराच्या जाड कागदातून 10 सेंमी लांब आणि 3 सेंमी रुंद अशा 18 पट्ट्या निघतात. प्रत्येकीवर 2 सेंमीची पाच घरे आखा आणि एका घरात एकच अक्षर, मात्रेसकट (म्हणजे काना, वेलांटी वगैरे धरून) लिहा. डावीकडून सुरुवात. पट्ट्या एकीखाली एक लावल्या की दुसरी अक्षरे आपोआप एका रांगेत येतात. घर आणि घरटे यांत आधी कोण, हा वादही मिटतो: जिथे घर रिकामे, तो शब्द आधी.

शब्दांची चढण सावकाश ठेवा. आधी वरच्यासारखे वेगळ्या अक्षराने सुरू होणारे सहा. मग पहिले अक्षर सारखे आणि बिनमात्रेचे: कढई, कणीस, कप, कमळ, करवत, कवडी. इथवर वहीवाली मुलेही व्यवस्थित येतात. खरा घोटाळा पुढे होतो. कमळ आणि कागद दिले की बरीच मुले कागद आधी लावतात, कारण ‘दोन्हींत क, मग ग आधी आणि म नंतर’. काना हिशेबातच नाही. बिनमात्रेच्या क चे सगळे शब्द संपल्याशिवाय का सुरू होत नाही, हे तोंडी कितीही सांगा, पुढच्या चार शब्दांत पुन्हा तीच चूक. पट्टीवर मात्र बोट ठेवून विचारता येते: पहिल्या घरात काय आहे? एकीवर क, दुसरीवर का. पहिल्याच घरात फरक दिसला, म्हणजे दुसऱ्या घराकडे बघायचेच नाही. कमळ, कवडी, कागद, काजू या चार पट्ट्या त्यासाठी पुरतात. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे काढतात म्हणून काही मुले किडा शब्दापाशी अडतात. कि एका घरात बसलेला पाहिला की तीही सावरतात.

जोडाक्षरे आणि अनुस्वार सुरुवातीला दोन्ही पद्धतींत बाजूलाच ठेवलेले बरे. बहुतेक कोशांत क्रम हा शब्द कौल च्या नंतर येतो, तो मुलांना क च्या आसपास हवा असतो. क्ष काही कोशांत क च्या जोडाक्षरांत, तर काहींत ळ च्या मागे. अनुस्वाराची जागाही कोशागणिक बदलते. ळ मात्र टाळू नका: कलम, कवडी, कसरत, कळस. ळ शेवटी, ह च्याही नंतर. उत्तरसूची संगणकावर क्रम लावून काढणार असाल तर हे शब्द डोळ्यांनी तपासा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, ळ ची जागा ल आणि व यांच्या मध्ये आहे, त्यामुळे काही वेळा कळस कलमच्या मागोमाग येऊन बसतो.

वर्ग मोठा असेल, पट्ट्या सांभाळणे खरोखरच अशक्य असेल तर वहीला पर्याय नाही, हे मान्य. अशा वेळी चौकटीची वही घ्या, एका चौकटीत एक अक्षर लिहायला लावा आणि दोन शब्दांच्या मध्ये एक ओळ कोरी ठेवायला सांगा. सुटलेला बदक तिथे बसतो.