बस गॅरेजात, नकाशावर मात्र त्र्यंबक रोडला! जीपीएस फीडच्या नावाखाली झालेली फसवणूक

नाशिकमध्ये ज्यांच्या स्टाफ बस किंवा शाळेच्या बस चालतात, त्यांनी हे जरूर वाचा. 'लाइव्ह लोकेशन' देतो म्हणून एका एजन्सीने आम्हाला कित्येक महिने खोटा डेटा दाखवला, आणि वर त्याचे पैसेही घेतले. तीच माणसं आता दुसऱ्या गाडीमालकांकडे फिरताहेत असं कानावर आलंय, म्हणून एवढं सविस्तर सांगतोय.

आमच्या बस सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागातून सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामगार नेतात. काही शाळेलाही लावल्यात. ट्रॅकर, त्यातल्या सिमचं रिचार्ज आणि फीडवर (म्हणजे गाडीचं ठिकाण अ‍ॅपला सतत पुरवणाऱ्या डेटावर) चोवीस तास देखरेख, असा सगळा करार होता. देखरेखीचे गाडीमागे दरमहा वेगळे पैसे. महिनाअखेरीस रिपोर्ट यायचा: फीड ९९ टक्क्यांहून जास्त वेळ चालू, नकाशावर सगळे ठिपके हिरवे.

कामगारांच्या तक्रारी मात्र थांबेनात. अ‍ॅपवर बस दोन मिनिटांवर दिसायची आणि यायची वीस मिनिटांनी, नाहीतर कधीच निघून गेलेली असायची. पहिल्या पाळीला उशीर झाला की पैसे त्या माणसाचे कापले जातात. शाळेच्या पोरांना घेऊन आया भर पावसात रस्त्यावर ताटकळायच्या, तेही त्या ठिपक्यावर विसंबून. एजन्सीचं उत्तर ठरलेलं: "साहेब, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे."

मग एक बस इंजिनकामाला द्वारकेजवळच्या गॅरेजात लावली. इंजिन उतरवलेलं, बॅटरी काढून बाजूला ठेवलेली. सकाळी अ‍ॅप उघडलं तर तीच गाडी त्र्यंबक रोडने सातपूरकडे निघालेली, अगदी वेळापत्रकाबरहुकूम! ट्रॅकरमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते, त्यामुळे गाडीची बॅटरी काढल्यावरही तो काही काळ डेटा पाठवू शकतो. पण पाठवला तर गॅरेजातूनच पाठवेल ना!

माझी भाची सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने एजन्सीकडे कच्चा लॉग, म्हणजे ट्रॅकरकडून आलेल्या मूळ नोंदी मागितल्या, तर आज देतो, उद्या देतो. शेवटी तिने फीडच दर अर्ध्या मिनिटाला साठवायला सुरुवात केली. कित्येक गाड्यांचे अक्षांश-रेखांश तासन्‌तास सहाव्या दशांशापर्यंत जसेच्या तसे, वेळ मात्र दर नोंदीला ताजी. खरा जीपीएस उभ्या गाडीतही थोडा हलतो, आकडे दोन-चार मीटर इकडेतिकडे होतात. म्हणजे जुनंच ठिकाण नवी वेळ चिकटवून पुढे ढकललं जात होतं. काही नोंदींत तर वेग शून्य आणि गाडी पुढे सरकतेय. म्हणजे नकाशावरची ती गाडी नुसत्या वेळापत्रकावरून चालवलेली. नंतर कळलं की बऱ्याच सिमचं रिचार्जच झालं नव्हतं. रिपोर्टमधले ते टक्के सर्व्हर उत्तर देतोय का एवढंच मोजत होते. गाडी काही पाठवतेय का, हे त्यात कुठेच नव्हतं.

तेव्हा स्क्रीनवर भुलू नका. उपकरणाने ठिकाण कधी टिपलं ती वेळ मागा. सर्व्हरवर नोंद कधी झाली ती वेळ वेगळी. उपकरणाची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्या घड्याळाच्या बरोबर साडेपाच तास मागे. "वेळेचा थोडा फरक पडतो" असं कोणी सांगितलं तर फरक तेवढाच आहे का ते तपासा. एआयएस-१४० या गाड्यांच्या ट्रॅकरसाठीच्या भारतीय मानकाप्रमाणे प्रमाणित ट्रॅकरच्या पॅकेटमध्ये, म्हणजे तो पाठवतो त्या प्रत्येक नोंदीत, आयएमईआय (उपकरणाचा ओळख क्रमांक), उपग्रहांची संख्या, इग्निशन चालू की बंद, गाडीची बॅटरी जोडलेली आहे का, आणि नोंद ताजी की साठवलेली, हे सगळं येतं. हे दाखवायला जो का-कू करतो त्याला आगाऊ पैसे देऊ नका. कसारा घाटात रेंज गेली, डेटा साठून उशिरा आला, तर त्यात लबाडी नाही. जुनं ठिकाण आत्ताचं म्हणून दाखवणं, ही लबाडी.

सार्वजनिक बसची ठिकाणं अ‍ॅपना पुरवायची जगभर वापरली जाणारी जीटीएफएस-रिअलटाइम नावाची पद्धत आहे. तिच्या शिफारशींनुसार फीड निदान दर ३० सेकंदांनी ताजं व्हावं आणि गाडीचं ठिकाण ९० सेकंदांपेक्षा जुनं नसावं. करारात हेच आकडे घाला.

पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय, वकिलामार्फत नोटीसही गेलीय. पैसे अजून परत आलेले नाहीत. नव्या पुरवठादाराच्या करारात आम्ही लिहून घेतलंय की ९० सेकंद उलटले की तो ठिपका करडा व्हायला हवा, आणि ठिकाण किती मिनिटांपूर्वीचं आहे ते प्रवाशाला अ‍ॅपवर दिसायला हवं. महिन्याचं बिलही उपकरणाच्या वेळेवरूनच निघतं.