८ मिमी खोलीचे टायर: एक अख्खा पावसाळा काढल्यानंतर

गाडी पेट्रोल हॅचबॅक, टायर १८५/६५ आर १५. राहतो नाशकात, महिन्यातून तीन-चारदा मुंबई, अधूनमधून समृद्धीने नागपूर. गेल्या मे महिन्यात चारही टायर बदलले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव घेतलं की चर्चा ब्रँडवर जाते आणि नक्षीच्या, म्हणजे टायरवरच्या खाचांच्या, खोलीचा मुद्दा बाजूला पडतो.

दुकानात भाव, वॉरंटी आणि 'आवाज करत नाही साहेब' एवढंच ऐकायला मिळतं. नव्या टायरची खाच किती खोल, हे कोणी आपणहून सांगत नाही आणि बाजूवर छापलेलंही नसतं. म्हणून खिशात गेज घेऊनच गेलो. दोनेकशे रुपयांत मिळतं, टोकाला पिन असते, ती खाचेत टेकवायची की आकडा दिसतो. मोजायचं मधल्या मोठ्या खाचेत. खाचेच्या तळाशी मधूनमधून एक छोटा उंचवटा असतो, ती झिजेची खूण. त्यावर पिन टेकली तर आकडा १.६ ने कमी येतो. एकाच मापाचे दोन टायर समोर होते. एक जेमतेम ६.५ मिमी, इंधन वाचवणारा म्हणून खपवला जाणारा. दुसरा ७.९, टायरमागे साडेतीनशे रुपयांनी महाग.

दीड मिमीसाठी एवढे जास्त कशाला, असं दुकानदार म्हणाला. हिशेब असा आहे. आपल्याकडे कारसाठी कायद्याची मर्यादा १.६ मिमी. पण त्या खोलीवर इगतपुरीच्या पावसात गाडी घालायची माझी तयारी नाही. माझ्या मते ३ मिमीला टायर उतरवावा. म्हणजे ६.५ वाल्यात मला वापरायला मिळणार ३.५ आणि ७.९ वाल्यात ४.९. फरक १.४ चाच, पण वापरायच्या रबरात तो ४० टक्के जास्त पडतो. यावर कंपन्यांचंही एकमत नाही. कॉन्टिनेंटल उन्हाळी टायर (म्हणजे बर्फासाठी नसलेले) ३ मिमीला बदला म्हणते, तर मिशेलिनचा आग्रह की टायर चांगला असेल तर १.६ पर्यंत वापरा, उगाच रबर फेकू नका. मिशेलिनचं म्हणणं कोरड्या रस्त्यावर मला पटतं, कारण झिजलेल्या टायरची कोरडी पकड खरंच वाईट नसते. पण घाटात जून ते सप्टेंबर कोरडा रस्ता आणायचा कुठून?

खरा फरक पावसात कळला. कसाऱ्याच्या अलीकडे डाव्या लेनमध्ये ट्रकच्या चाकांनी दोन पन्हळी पडल्यात, त्यांत पाणी साचतं. जुने टायर अडीचवर आले होते तेव्हा तिथे सत्तरलाच स्टिअरिंग हातात हलकं व्हायचं, चाक पाण्यावर चढायचं. नवे टायर तिथून त्याच वेगाने जातात तेव्हा मडगार्डमध्ये पाणी आपटल्याचा मोठा आवाज येतो, पण स्टिअरिंगचं वजन तसंच राहतं. तो आवाज म्हणजे खाचेतून बाहेर फेकलं जाणारं पाणी. खाच उथळ झाली की पाण्याला जायला जागा उरत नाही, आणि मग टायर रस्त्याऐवजी पाण्यावर चालतो.

आता तक्रारी. पहिले हजारेक किलोमीटर वळणावर गाडी किंचित डुलल्यासारखी वाटली. उंच नक्षीचे ठोकळे दाबाखाली हलतात, त्यामुळे स्टिअरिंगचा प्रतिसाद थोडा मऊ लागतो. आता कमी झालंय. खाचांत खडी अडकते ती वेगळीच कटकट. गावाकडच्या रस्त्यावरून आलो की डांबरावर टकटक सुरू होते, मग पार्किंगमध्ये उकिडवं बसून स्क्रूड्रायव्हरने खडे काढायचे. शेजारचे काका रोज विचारतात, पंक्चर का?

अ‍ॅव्हरेज १९.८ वरून १९.२ वर आलं. खोल नक्षी जास्त वाकते, जास्त तापते, त्यामुळे थोडं इंधन जातंच. पण सगळी घट खरी नाही. झिजलेल्या टायरचा घेर कमी असतो, त्यामुळे तेवढ्याच अंतरात चाक जास्त फिरतं आणि मीटर किलोमीटर वाढवून दाखवतं. या मापात २ मिमी आणि ८ मिमी यांच्यात हा फरक फार तर दीड-दोन टक्के येतो. म्हणजे जुनं १९.८ थोडं फुगलेलंच होतं.

साधारण चौदा हजार किलोमीटरनंतरची मापं: पुढचे ६.३, मागचे ७.१. पुढच्या चाकांवर इंजिनचं वजन, ओढ आणि ब्रेक सगळंच, म्हणून ते आधी झिजणार. उजव्या पुढच्याची आतली कड ५.८ निघाली, तेव्हा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन नीट करून घेतले. बाहेरून बघून हे कधीच कळलं नसतं, आतल्या कडेपर्यंत पिन घालावी लागते.

गेजने न कळणारी एक गोष्ट मात्र दुकानातच नखाने तपासा. मोठ्या खाचांमधल्या ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात, ओल्या रस्त्यावर पकड देणाऱ्या. काही टायरांत त्या मुख्य खाचेइतक्या खोल नसतात. टायर निम्मा झिजला की चिरा गायब, आणि मोठी खाच ४ मिमी दाखवत असते. माझ्या टायरला त्या बऱ्याच खाली जातात, हेही महाग टायर घेण्याचं एक कारण. लातूर-सोलापूरकडे, जिथे पाऊस कमी, तिथेच गाडी फिरणार असेल तर मी ६.५ वाला घेतला असता आणि पैसे अलाइनमेंटवर घातले असते.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे टाका, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी. पावसात मागचं टोक सुटलं तर आपल्यासारख्यांना सावरता येत नाही. दुकानदार जुनी स्टेपनी 'नक्षी कोरी आहे' म्हणून चालू चाकांत घालायला सांगत होता. खोली खरंच नव्यासारखी होती, पण बाजूवर तारीख २३१९, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, आणि कडेला केसासारख्या भेगा. ती परत डिकीतच ठेवली, पंक्चरवाल्यापर्यंत पोचण्यापुरती.