बिनबियांच्या कलिंगडाच्या नावाखाली झालेली फसवणूक

घरी कलिंगड लावू पाहणाऱ्यांनी सावध राहावे म्हणून हा अनुभव लिहीत आहे. यातली फसवणूक बियांच्या पाकिटापुरती नव्हती; तक्रारीची मुदत उलटावी यासाठी फळ पिकण्याबद्दलही खोटी माहिती देण्यात आली.

'पिवळ्या गराचे बिनबियांचे कलिंगड' अशी जाहिरात असलेले पाकीट मी ऑनलाइन मागवले. पिवळ्या गराची कलिंगडे असतात, बिनबियांचीही असतात, त्यामुळे दावा अशक्य कोटीतला नव्हता. मात्र बिनबियांच्या वाणाच्या स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, म्हणून शेजारी बियांचे साधे कलिंगड लावावे लागते. याचा पाकिटावर उल्लेखही नव्हता.

वेल पसरू लागले तेव्हा पाने गोलसर आणि जवळजवळ अखंड निघाली. कलिंगडाच्या बहुतेक सर्व वाणांचे पान खोलवर कातरलेले असते. अखंड पान खरबुजाचे किंवा काकडीचे. फोटो पाठवल्यावर विक्रेत्याने कळवले, "फुले आल्यावर पाने कातरतात, थोडे थांबा." फुले आली, पाने होती तशीच राहिली. फळे धरल्यावर पुन्हा विचारले, तर फळ देठापासून आपोआप सुटेपर्यंत तोडू नका, असे ठासून सांगण्यात आले. ही खूण खरबुजाची आहे. कलिंगड पिकले तरी देठ सोडत नाही. त्याच्या देठाजवळची बाळी (वेलाचा कुरळा तंतू) सुकते आणि जमिनीला टेकलेला पांढरा डाग पिवळसर होतो. वाजवल्यावर येणाऱ्या डबडब आवाजावर पुष्कळांचा भरवसा असतो, माझा तेवढा नाही. तोडल्यानंतर कलिंगडाची गोडी वाढत नाही, त्यामुळे थांबण्याचा सल्ला कोणालाही पटतो, आणि विक्रेत्याने नेमका त्याचाच फायदा घेतला.

अखेर एक फळ हात लावताच सुटून आले. आत पांढरट, पिठूळ गर होता आणि मधोमध बियांचा गच्च पुंजका. तोवर हमीची मुदत संपली होती. "पाणी जास्त झाले असेल," एवढे लिहून विक्रेत्याने उत्तरे देणे बंद केले. जास्त पाण्याने फळ पांचट होते हे खरे, पण त्याने वेलाची जात बदलत नाही.

असे पाकीट घेतलेच असेल, तर पाने ओळखू येताच ती लेबलासह एकाच फोटोत टिपावीत आणि विक्रेत्याशी चॅटवर वाद घालत न बसता मुदतीच्या आत थेट विक्री संकेतस्थळाकडे तक्रार नोंदवावी.