गाडी दारात ठेवून वसंतातली भटकंती: एसटी, पॅसेंजर आणि एक वही, काही महिन्यांच्या वापरानंतर

आम्ही सांगलीचे. दिवाळीनंतर घरात ठरलं की यंदा फाल्गुन-चैत्रात लांब कुठं जायचं नाही, आपल्याच सांगली-सातारा जिल्ह्यांतली गावं बघायची आणि तीही स्वतःची गाडी न काढता, फक्त रेल्वे आणि एसटीनं. बरोबर माझे वडील, अण्णा, 75 ओलांडलेले, आणि पोरगा पाचवीत. कधी एक दिवसाचं, कधी एक मुक्काम करून असं तेव्हापासून चालू आहे आणि आता उन्हाळा चांगलाच तापलाय म्हणून थांबलोय, तर जे हाताशी लागलंय ते लिहून ठेवते, कारण आम्ही सुरू केलं तेव्हा असं एका जागी लिहिलेलं काही मिळालं नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. प्लॅन परतीच्या गाडीपासून करायचा. जायला गाडी मिळतेच हो, सकाळी स्टँडवर उभं राहिलं की कुठली ना कुठली पाटी दिसतेच, पण आत गावातून फाट्यापर्यंत यायला संध्याकाळची शेवटची फेरी किती वाजता आहे हे एकदा कळलं की बाकीचा दिवस आपोआप बसतो. वहीत मी पानाच्या तळाला आधी ती शेवटची गाडी लिहिते, तिच्या वर तिच्या आधीची गाडी, आणि मग तिथून वरवर चढत सकाळपर्यंत येते. शेवटच्या गाडीवर कधीच अवलंबून राहायचं नाही, तिच्या आधीचीच आपली धरायची, शेवटची फक्त आधाराला. हे एवढं पाळलं म्हणून अण्णांना घेऊन फिरताना पोटात गोळा आला नाही.

आता ही वेळ कळणार कुठून. मोबाईलवर गाड्यांच्या वेळा दाखवणारी ॲप आहेत, त्यातल्या एकात तर आमच्या भागातल्या एका गावाला दिवसभर गाड्याच गाड्या दिसत होत्या, प्रत्यक्षात तिथं सकाळी एक आणि शाळा सुटताना एक. रिझर्व्हेशनच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना ॲप ठीक आहे, स्वारगेटला जायचं असेल तर जरूर बघा, पण गावातल्या साध्या फेऱ्यांना आपली चौकशीची खिडकीच खरी. आणि त्यातही विचारायची पद्धत आहे. "अमुक गावाला गाडी आहे का" असं विचारलं की "हाय की" एवढंच उत्तर येतं. "तिकडनं परत यायला शेवटची कुठली आणि ती मुक्कामी आहे का" असं विचारलं की कंट्रोलर मान वर करून नीट सांगतात. ज्या आगाराची गाडी त्याच आगारात विचारायचं हेही लक्षात ठेवा, तासगावच्या फेऱ्या सांगलीच्या स्टँडवर नीट कळतीलच असं नाही, विट्याच्या कऱ्हाडात नाहीत.

मुक्कामी गाडी हा तर या सगळ्यातला हुकमाचा पत्ता. संध्याकाळी तालुक्याहून निघून आत गावात जाते, रात्री तिथंच थांबते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन बाहेर पडते. गावात एक रात्र राहायचं असेल तर हिच्यानंच जायचं आणि हिच्यानंच यायचं, दुसरं काही शोधूच नका. पहाटेची ही गाडी बघण्यासारखी असते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळापुढं किंवा गाडीतच झोपलेले, उजाडायच्या आत बादलीभर पाण्यानं काच धुऊन घेतात, मग एकेक माणूस येतं, कुणाच्या हातात भाजीची पाटी, कुणाची कॉलेजची पोरं, एखादी आजी नातवाला दवाखान्यात घेऊन निघालेली, आणि कंडक्टर सगळ्यांना नावानं ओळखतो. कोण आलं नाही हेही त्याला कळतं. एका गावात त्यानं गाडी सोडायच्या आधी वर आळीकडं बघत मोठ्यानं हाक मारली, दोन मिनिटांनी एक पोरगी ओल्या केसांनी पळत आली, परीक्षा होती तिची. अण्णा त्या दिवशी घरी येईपर्यंत तेच सांगत होते.

रेल्वेचं असं की आपली पुणे-मिरज लाईन म्हणजे पाठीचा कणा आणि एसटी म्हणजे फांद्या. सांगलीहून वर निघालं की नांद्रे, भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी, शेणोली, कऱ्हाड, मसूर, तारगाव, रहिमतपूर, कोरेगाव आणि मग सातारा. वंदे भारत सप्टेंबर 2024 पासून आहे, कोयना आणि महाराष्ट्र एक्सप्रेस आहेत, पण गावं बघायची तर पॅसेंजर, कारण ती छोट्या स्टेशनांनाही थांबते. कोरोनानंतर तिला एक्सप्रेसचं भाडं लावलं होतं ते फेब्रुवारी 2024 मध्ये परत खाली आलं, त्यामुळं आता खर्च म्हणावा असा होतच नाही. जनरल तिकीट मोबाईलवर निघतं, फक्त पेपरलेस तिकीट स्टेशनात पोचल्यावर निघत नाही, घरून निघतानाच काढायचं, नाहीतर स्टेशनवरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा. आणि तिकीट काढल्यावर तीन तासांत प्रवास सुरू करायचा असतो, आदल्या रात्री काढून ठेवून उपयोग नाही. लाईनवर दुरुस्तीचा ब्लॉक असला की पहिला घाव पॅसेंजरवर येतो, म्हणून आदल्या संध्याकाळी ती धावणार आहे का ते बघूनच झोपायचं.

एक गोष्ट नवख्याला माहीत नसते, ती म्हणजे स्टेशन आणि गाव एका जागी नाही. सातारा स्टेशन माहुलीच्या अंगाला, स्टँड तिथून चांगलंच लांब. कऱ्हाडचं स्टेशन ओगलेवाडीला, हो तीच काचेच्या कारखान्याची आणि प्रभाकर कंदिलाची ओगलेवाडी. म्हणजे रेल्वेतून उतरून लगेच एसटी पकडायची तर मध्ये हा तुकडा धरायलाच लागतो, मी अर्धा-पाऊण तास मोकळा सोडते. पण हेच साताऱ्याला फायद्याचं पडतं, उतरल्यावर आधी गावात न जाता संगम माहुली बघून घ्यायची, कृष्णा-वेण्णेचा संगम, घाट, काशीविश्वेश्वराचं देऊळ, सकाळच्या उन्हात घाटाचा दगड अजून गार असतो.

आता वसंतात नेमकं कुठं जायचं. लोक कास म्हणतात, पण कासची फुलं पावसाळा सरता सरता येणारी, मार्चमध्ये तिथं वाळलेलं गवत. वसंत बघायचा तर पळस, पांगारा आणि काटेसावर बघायची, आणि ती बसच्या खिडकीतून जेवढी दिसतात तेवढी गाडी चालवताना दिसत नाहीत. आमची सगळ्यात आवडती जागा सागरेश्वर. ताकारीला पॅसेंजरनं उतरायचं, तिथून देवराष्ट्र्याच्या बाजूची एसटी किंवा वडाप, म्हणजे भरली की सुटणारी शेअर जीप. हे जंगल माणसानं उभं केलेलं आहे, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानं उघड्या डोंगरावर झाडं वाढली आणि 1985 ला ते अभयारण्य झालं, क्षेत्र जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर. फाल्गुनात पानगळ झालेली असते म्हणून सांबर, चितळ, काळवीट लांबूनही दिसतात आणि पाणवठ्याकडं येतात. वर कड्यावरून खाली बघितलं की एका बाजूला हे करडं वाळकं रान आणि खाली कृष्णाकाठचा हिरवागार ऊस. आम्ही गेलो तेव्हा करड्या गवतात बराच वेळ काहीच दिसेना, मग पोराला आधी एक कान हललेला दिसला आणि मग त्या कानाच्या मागं अख्खा कळप. खाली देवळांचा समूह आहे तिथं सावलीत डबा खायचा. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, 12 मार्च 1913 चा जन्म, ते जन्मघरही बघून घ्यावं. अण्णांनी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी बघितलेली होती, जन्मघर मात्र पहिल्यांदा.

दुसरं भिलवडी-औदुंबर. भिलवडीला उतरायचं, कृष्णेच्या एका काठाला भुवनेश्वरी आणि पलीकडं औदुंबरचे दत्त. पोरांना घेऊन जायला याच्याइतकं सोपं ठिकाण नाही, चालणं कमी, सावली भरपूर. तिसरं रहिमतपूरला उतरून औंध. यमाईचा डोंगर आणि खाली 1938 सालचं संग्रहालय, त्यासाठी निम्मा दिवस हवाच. किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 मध्ये उभा राहिला तो याच औंध संस्थानात, म्हणजे सकाळी रेल्वेतून किर्लोस्करवाडी ओलांडायची आणि दुपारी ज्या राजांनी जागा दिली त्यांच्या गावात बसायचं, हे पोराला सांगितलं की इतिहासाचं पुस्तक जरा जवळचं वाटतं. इथं पाटीवरचं "मार्गे" नीट वाचायला लागतं बरं का, वडूजला जाणारी प्रत्येक गाडी औंधला जात नाही, काही पुसेगाव मार्गे निघून जातात. चढायच्या आधी कंडक्टरला एकदा विचारायचंच.

आणि तासगाव. फेब्रुवारी ते एप्रिल इकडं बेदाण्याचं काम असतं आणि हे बघायला कुणी मुद्दाम येत नाही याचं मला फार वाईट वाटतं. रस्त्याकडेला शेड असतात, जाळ्यांचे मजल्यावर मजले, वर छप्पर आणि बाजूनं वारा खेळता. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, त्यानं सालीवरचं मेण सुटतं आणि पाणी लवकर उडतं, मग जाळीवर पसरून साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार. आम्ही एका शेडवर विचारून आत गेलो तर मालकांनी पोराला वरच्या जाळीपासून खालपर्यंत फिरवलं, एका मजल्यावर अजून हिरवी टपोरी द्राक्षं, शेजारच्या शेडमध्ये सुरकुतायला लागलेली, आणि टोकाच्या शेडमध्ये बायका बसून काड्या वेगळ्या करत होत्या. वास असा गोड आणि जड की शर्टाला घरापर्यंत राहिला. सांगलीहून तासगावला एसटी भरपूर, त्यामुळं हे कधीही जमतं.

कॅलेंडर मात्र बघून निघा. चैत्रात यात्रांचा हंगाम, शिखर शिंगणापूर, चाफळची रामनवमी, चैत्र पौर्णिमेला जोतिबा, त्याआधी रंगपंचमीला बावधनचं बगाड, शिवाय गावोगावच्या जत्रा. यात्रेला जादा गाड्या सुटतात त्या कुठल्या तरी फेऱ्यांतूनच काढलेल्या असतात, मग आतल्या गावाची दुपारची फेरी त्या दिवसापुरती बंद. यात्रेलाच जायचं असेल तर याच्यासारखी सोय नाही, पण शांत फिरायचं असेल तर ते दिवस टाळा. दुसरं म्हणजे गावातल्या कितीतरी फेऱ्या शाळा-कॉलेजच्या पोरांवर चालतात. शाळा सकाळची झाली की त्या फेऱ्यांच्या वेळा सरकतात आणि सुट्टी लागली की काही बंदच होतात. म्हणून मे महिन्यापेक्षा मार्च चांगला, आणि मार्चमध्येही रविवारपेक्षा शनिवार. जानेवारीत लिहून घेतलेली वेळ मार्चमध्ये परत विचारून घ्यायची. मार्चपर्यंत ऊसतोडही चालू असते, रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं एसटी रेंगाळते, रेल्वेची जोडणी धरताना तेवढी ढील ठेवा.

फाट्यावर अडकलात तर वडाप असतं, त्याला नाक मुरडू नका, पण ते भरल्याशिवाय हलत नाही आणि अंधार पडायला लागला की कमी होतं, म्हणून प्लॅनमध्ये ते धरायचं नाही. ऊन हा खरा प्रश्न. 12 ते 4 मध्ये अण्णांना फाट्यावर उभं करायचं नाही हा आमचा नियम, त्या वेळात एकतर देऊळ, एकतर संग्रहालय, नाहीतर स्टँडवरच पंख्याखाली.

शेवटी पैशाचं. 25 जानेवारी 2025 ला एसटीची 14.95 टक्के भाडेवाढ झाली तरी आम्हाला ती जाणवली नाही, कारण मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, पोराला अर्धं, आणि अण्णांना 75 च्या वर म्हणून पूर्ण मोफत. 65 ते 75 वाल्यांना अर्धं आहे. वय दाखवणारं ओळखपत्र जवळ लागतं आणि मोफत असलं तरी शून्य रुपयांचं तिकीट घ्यायलाच लागतं, ते मागून घ्या. रेल्वेत उलटं, ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली ती अजून नाही, अण्णांना तिथं पूर्ण तिकीट पडतं. ती परत सुरू व्हायला पाहिजे, म्हातारी माणसं फिरतात ती याच्यावरच. बरेच जण "आवडेल तेथे प्रवास" पास घ्यावा का विचारतात, तो 4 किंवा 7 दिवसांचा मिळतो. माझा हिशोब असा की बायका, 65 च्या वरचे आणि छोटे टप्पे असतील तर सुटी तिकिटंच स्वस्त पडतात. एकट्या गड्यानं सलग चार दिवस रोज लांब लांब फिरायचं ठरवलं असेल, म्हणजे सांगलीहून महाबळेश्वर, तिथून शिंगणापूर असं, तरच पास घ्यावा, आणि तोही आपल्या टप्प्यांचं भाडं आगारात बेरीज करून बघून.